घरच्या घरी लाकडी टिकी कोरताना : ओंडका, हत्यारे आणि त्या चेहऱ्यांचे मूळ

किनारा (सॅन दिएगो)

दक्षिण कॅलिफोर्नियात कुणाच्या परसात, पोहण्याच्या तलावाकाठी किंवा एखाद्या जुन्या उपाहारगृहाच्या दाराशी ओंडक्यातून कोरलेला एक पुतळा हमखास दिसतो. त्याचे डोळे वटारलेले असतात, तोंड कानापर्यंत फाकलेले असते, आखूड पाय गुडघ्यांत किंचित वाकलेले असतात आणि हात पोटावर टेकलेले असतात. येथे त्याला सरसकट ‘टिकी’ म्हणतात. मी बरीच वर्षे फावल्या वेळात घराच्या मागच्या अंगणात असे पुतळे कोरत आलो आहे. आपल्यापैकी काही जण लाकडावर काम करतात आणि काहींना सुरुवात करायची आहे, असे इतर धाग्यांवरून दिसले, म्हणून या छंदाविषयी सविस्तर लिहीत आहे.

आधी थोडे मुळाविषयी. पॅसिफिक महासागरातील मार्केसस बेटांवर माणसाच्या आकाराच्या मूर्तीला टिकी म्हणतात, मग ती दगडाची असो वा लाकडाची. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या परंपरेत टिकी हे आदिपुरुषाचे नाव आहे. हवाईतील मूर्तींना तेथील लोक ‘कीइ’ म्हणतात. या सगळ्या परंपरा एकमेकींच्या नात्यातल्या असल्या तरी एकच नाहीत. अमेरिकेतील टिकी मात्र फार अलीकडची आहे. १९३३ मध्ये हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ हे बेटांच्या थाटाचे उपाहारगृह सुरू झाले, पाठोपाठ ओकलंडमध्ये तसेच ‘ट्रेडर व्हिक्स’ आले. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये गेलेले सैनिक परतल्यावर आणि १९५९ मध्ये हवाई हे अमेरिकेचे राज्य झाल्यावर तर या सजावटीची लाटच आली. ही मागणी पुरवणाऱ्यांत व्हिटियर येथील ‘ओशनिक आर्ट्स’ हे दुकान सर्वांत नावाजलेले होते. १९५६ मध्ये सुरू झालेले ते दुकान २०२१ मध्ये बंद झाले. या काळातील कारागिरांनी मार्केससचे डोळे, हवाईचे तोंड आणि माओरी वळणे एकाच ओंडक्यावर आणली. आज घरगुती छंद म्हणून जे कोरले जाते, ते बहुतांशी याच मिश्र घराण्यातले आहे आणि कोरणाऱ्याला ते ठाऊक असायला हवे.

आता लाकूड. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला वाढणाऱ्या मेक्सिकन फॅन पामचे ओंडके झाडे तोडणाऱ्यांकडून पुष्कळदा फुकटही मिळतात, कारण त्यांना ते टाकायलाच पैसे मोजावे लागतात. एक काळजी मात्र घ्यावी. या भागात पामचे खोड पोखरणारा सोंडकिडा पसरला आहे, त्यामुळे रोगट किंवा पोखरलेल्या झाडाचा ओंडका कुणी कितीही आग्रहाने दिला तरी तो हलवू नये.

पाम हे एकदल झाड आहे. त्याला वार्षिक वलये नसतात आणि साग-आंब्यासारखा टणक गाभाही नसतो. खोडात लांबच्या लांब तंतूंच्या जुड्या असतात. त्या बाहेरच्या बाजूला दाटीने आणि मध्यभागी विरळ असतात. त्यामुळे बाहेरचे दोन-तीन इंच कठीण आणि आतला भाग स्पंजासारखा, असा ओंडका हाती येतो. पुतळ्याचे सगळे चांगले कोरीवकाम त्या बाहेरच्या कठीण कड्यातच बसवावे लागते. ओंडका ओला असतानाच कोरावा, कारण वाळल्यावर तंतू इतके कडक होतात की पटाशी उसळू लागते. काम काही दिवस थांबणार असेल तर ओंडका ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावा. आतला रस आंबल्याचा वास येतो आणि पृष्ठभागावर बुरशी धरते, पण ती तासताना निघून जाते.

फार हत्यारे लागत नाहीत. सव्वा इंची आणि अर्धा इंची अशा दोन गोल पटाश्या, एक सपाट पटाशी, व्ही आकाराची एक पटाशी, लाकडी मोगरी, बारीक दात्यांची करवत आणि एक खरड कानस एवढ्यावर दोन-अडीच फुटांचा पुतळा पूर्ण होतो. येथे बरेच जण साखळी करवत वापरतात. तिचे टोक लाकडात अडकले तर ती कोरणाऱ्याच्या अंगावर उलटी उसळते, म्हणून कुणाकडून तरी समोर उभे राहून शिकल्याशिवाय ती हाती घेऊ नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. धारेकडे मात्र कुणीच दुर्लक्ष करू नये. पामचे तंतू धार फार लवकर मारतात, त्यामुळे निसणा आणि चामड्याचा पट्टा हाताशी ठेवून अधूनमधून पटाशी पाजळून घ्यावी लागते. बोथट पटाशीने तंतू कापले जात नाहीत, उपटले जातात, आणि मग गालावर जी झिपरी उभी राहतात ती कितीही घासली तरी जात नाहीत.

कोरण्याचा क्रम असा. ओंडका उभा करून समोरच्या बाजूला वरपासून खालपर्यंत मध्यरेषा आखावी. तिच्या दोन्ही बाजूंना भुवया, डोळे, नाकपुड्या आणि तोंड कोळशाने किंवा जाड काळ्या पेनाने मोठे काढावेत. डोके एकूण उंचीच्या किमान एक तृतीयांश असावे. नवख्याने ते निम्मे ठेवले तरी बिघडत नाही. नाकाचा शेंडा म्हणजे ओंडक्याचा मूळ पृष्ठभाग. त्याला हात लावायचा नाही, बाकी सगळे त्याच्या मागे न्यायचे.

पहिला काप भुवईच्या खालच्या कडेवर घ्यावा. करवत पृष्ठभागाशी काटकोनात धरून दीड इंच आत जावे. हा काप पटाशीसाठी घातलेला बांध आहे. मग खाली गालाकडून गोल पटाशी तिरकी धरून मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी वर तासत यावे. पटाशी कापापाशी पोहोचते, ढलपी तेथल्या तेथे सुटून पडते आणि वरची भुवई शाबूत राहते. असे तीन-चार थर निघाले की डोळ्याची खोबण तयार होते आणि भुवईची पहिली सावली तिच्यात पडते. ती सावली दिसली की ओंडक्याला चेहरा आला, असे समजावे.

माझे मुख्य म्हणणे येथेच आहे. टिकीचा चेहरा खोलीवर उभा राहतो. नवखे लोक भुवया, दात, डोळ्यांभोवतीची नक्षी असे सगळे काही अर्धा इंच खोलीत उरकतात आणि मग पुतळा दहा फुटांवरून नुसता रेघोट्या मारलेला ओंडका दिसतो. नक्षी शेवटी करावी, आणि तीही कमी करावी. आधी भुवई, डोळा, नाक, गाल आणि ओठ या पाच पातळ्या एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या झाल्या पाहिजेत. संध्याकाळी विजेरी बाजूने धरून पाहावे. ज्या जागी सावली पडत नाही तेथे आणखी आत जायला हवे. मार्केससच्या जुन्या मूर्ती पाहिल्या की हे पटते. हिवा ओआ बेटावरील पुआमाऊ येथील उंच दगडी टिकीवर तपशील फार थोडे आहेत, पण तिचे डोळे आणि ओठ शेकडो वर्षांचे ऊनपाऊस सोसूनही दुरून ओळखू येतात.

आपले प्रश्न आणि अनुभव जरूर लिहावेत.

रानवाटा (नाशिक)

लेख फार उपयुक्त आहे आणि भुवईच्या कापाची पद्धत तर लगेच करून पाहावीशी वाटते. माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे आमच्याकडे फॅन पाम मिळत नाही, तेव्हा महाराष्ट्रात कोणते लाकूड घ्यावे? दुसरी अशी की, मागील पावसाळ्यानंतर मिळालेल्या आंब्याच्या ओंडक्यावर मी एक मुखवटा कोरला होता आणि तो मार्चमध्ये कपाळापासून हनुवटीपर्यंत उभा तडकला. हे टाळता येते का?

माडाची सावली (वेंगुर्ले)

रानवाटा, लाकडाविषयी मी सांगतो, तडकण्याविषयी जाणकार सांगतील.

कोकणात आणि गोव्यात माड हे टिकीसाठी उत्तम साधन आहे, कारण पामबद्दल वर जे लिहिले आहे ते सगळे माडाला लागू पडते. वादळात पडलेले किंवा म्हातारे झाल्यामुळे तोडलेले माड दर वर्षी कुठे ना कुठे मिळतात. पण सगळा माड सारखा नसतो. बुंध्याकडचा बाहेरचा भाग सर्वांत घट्ट असतो. त्याची घनता घनमीटरला ६०० किलोंच्या वर जाते, तर गाभ्याकडची ४०० किलोंच्याही खाली असते. शेंड्याकडचा भाग तर कोरण्यासाठी घेऊच नये. बुंध्याचा दोन फुटांचा तुकडा घ्यावा आणि जमल्यास मुळांकडचा फुगीर भाग ठेवून तो उलटा उभा करावा. फ्लोरिडातील कारागीर असेच करतात. मुळांचा झुपका वर येतो आणि पुतळ्याचे केस किंवा शिरोभूषण आपोआप तयार होते. मी हे माडावर करून पाहिले आहे आणि ते फार देखणे दिसते. मुळांत अडकलेली रेती मात्र आधी पाण्याच्या जोरदार धारेने आणि तारेच्या ब्रशने पूर्ण काढावी, नाहीतर पटाशीची धार पहिल्याच दिवशी जाते.

लहान कामासाठी, म्हणजे सहा ते दहा इंचांच्या मूर्तीसाठी, पांगारा घ्यावा. सावंतवाडीची लाकडी फळे आणि खेळणी परंपरेने याच लाकडाची होतात. ते हलके आणि मऊ असते, सुरीने कापले जाते आणि रंग चांगला धरते. त्यावर धारदार कोपरे टिकत नाहीत, त्यामुळे दातांची रांग किंवा बारीक नक्षी त्यात करू नये. जरा टिकाऊ आणि तरीही पटाशीला न छळणारे लाकूड हवे असेल तर शिवण शोधावी. शिवणीचे लाकूड वाळताना फारसे हलत नाही आणि त्यावरचा काप गुळगुळीत येतो. साग सहज मिळतो, पण पहिल्या कामासाठी तो महाग पडतो.

हत्यारांसाठी परदेशी संच मागवण्याची गरज नाही. आमच्या गावातील सुतार वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या तासणीने, ओंडक्याला जो पहिला आकार देतात, तो आपण पटाशीने दिवसभर बसून देऊ शकणार नाही. एखाद्या सुताराकडून ओंडक्याच्या दोन बाजू वाकसाने तासून घ्याव्यात आणि तो सुतार कसा उभा राहतो, लाकडाच्या रेषेकडे पाहून वाकस कोणत्या दिशेने चालवतो, हे नीट पाहावे. पॉलिनेशियातील, म्हणजे हवाई, मार्केसस, न्यूझीलंड अशा बेटांवरील कारागिरांचे मुख्य हत्यारही वाकसाच्याच जातीचे होते. लोखंड येण्यापूर्वी त्याचे पाते दगडाचे असे, आणि त्याच हत्याराने त्यांनी होड्या, घरे आणि मूर्ती घडवल्या.

आणखी एक. परसातले झाड आपलेच असले तरी साग, आंबा, खैर, ऐन अशी झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात आणि परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वखारीतून घेतलेल्या लाकडाची पावती ठेवावी.

शिसवी (पुणे)

माझे कामच लाकूड वाळवण्याशी संबंधित आहे, त्यामुळे तडकण्याविषयी लिहितो.

आंब्याचा, सागाचा किंवा कोणत्याही द्विदल झाडाचा अखंड गोल ओंडका वाळताना तडकणारच, कारण लाकूड सर्व दिशांनी सारखे आक्रसत नाही. वलयांच्या दिशेने होणारे आकुंचन हे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. परीघ जास्त आक्रसू पाहतो, पण आतला भाग त्याला तेवढा आक्रसू देत नाही, आणि हा ताण सालीपासून गाभ्यापर्यंतच्या उभ्या भेगेने मोकळा होतो. रानवाटा यांच्या मुखवट्याला गेलेली भेग हीच असणार. ओंडका कोणीही कोरला असता तरी ती पडलीच असती.

यावर तीन उपाय आहेत. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ओंडका उभा चिरून अर्धा घ्यावा आणि कोरीवकाम गोल बाजूवर करावे. गाभा मधून कापला गेल्याने ताण बराचसा निघून जातो. पुतळा गोल आणि अखंडच हवा असेल तर पाठीमागून गाभा पोकळ करावा. तेही नको असेल तर पाठीच्या मध्यरेषेवर करवतीने गाभ्यापर्यंत एक उभा काप द्यावा. लाकूड आक्रसताना तो काप रुंदावतो आणि चेहऱ्याची बाजू वाचते. कोणताही उपाय केला तरी दोन्ही टोकांना मेण किंवा जाड तैलरंग लावावा, कारण टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने निघून जाते आणि भेगांची सुरुवात तेथूनच होते. ओंडका मार्च-एप्रिलच्या उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नये. सावलीत, जमिनीपासून उचललेल्या पट्ट्यांवर, हवा खेळेल असा ठेवावा. एक इंच जाडीला सुमारे एक वर्ष हा जुना हिशेब ढोबळ असला तरी धीर किती धरावा लागतो ते त्यावरून कळते.

माडाला आणि पामला वलये नसल्याने अशी मोठी उभी भेग सहसा पडत नाही. तेथे संकट वेगळे असते. मऊ गाभा पाणी धरून ठेवतो, तेथे बुरशी वाढते आणि वरून सुंदर दिसणारा पुतळा आतून कुजतो. शिवाय गाभ्यात पिष्ट आणि साखर असल्याने किडे त्यावर तुटून पडतात. म्हणून पामच्या पुतळ्याचा गाभा तळाकडून जमेल तेवढा पोखरून काढावा. ओला असतानाच त्यावर टाकणखार आणि बोरिक आम्ल यांचे गरम पाण्यातील द्रावण सगळीकडून भरपूर लावावे, कारण ही द्रव्ये ओल्या लाकडात पाण्याबरोबर खोल शिरतात. मात्र हीच द्रव्ये पावसाने धुऊनही जातात, तेव्हा पुतळा उघड्यावर राहणार असेल तर वरून पाणी अडवणारा थर हवाच. द्रावण हाताळताना रबरी हातमोजे घालावेत आणि ते मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावे.

दीर्घिका (रोटोरुआ, न्यूझीलंड)

चर्चा वाचली. तंत्राबद्दल आपण सर्व जे लिहीत आहात ते मोलाचे आहे. पण मी ज्या गावात राहते तेथे कोरीवकाम ही जिवंत विद्या आहे, त्यामुळे मला काही गोष्टी स्पष्टपणे मांडाव्याशा वाटतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माओरी कोरीवकाम जाणणारे फार थोडे उरले होते. माओरी नेते आपिराना न्गाता यांच्या प्रयत्नांनी १९२० च्या दशकात रोटोरुआत कोरीवकामाची शाळा सुरू झाली, आणि पुढे १९६३ च्या कायद्याने येथे माओरी कला व हस्तकला संस्था उभी राहिली. तेथील शाळेत आजही तरुण विद्यार्थी टोटारासारख्या लाकडावर काम शिकतात. काचेपलीकडून त्यांना काम करताना पाहिले की ध्यानात येते की, हात चालवणे हा त्यांच्या शिक्षणाचा केवळ एक भाग आहे. आपण कुणाला कोरत आहोत, तो कुणाचा पूर्वज आहे, त्याची वंशावळ काय, हे शिकल्याशिवाय आकृती पूर्ण होत नाही. माओरी सभागृहाच्या भिंतीतल्या खांबांवर ज्या आकृती असतात, त्यांतील बहुतेकांना नावे आहेत, आणि त्या घरातील माणसे त्यांना आजोबा-पणजोबांप्रमाणे ओळखतात. परंपरेने कोरताना पडणाऱ्या ढलप्यांवर तोंडाने फुंकर मारत नाहीत आणि त्या स्वयंपाकाच्या चुलीतही घालत नाहीत.

हिरव्या पाषाणाचे ‘हेइ-टिकी’ हे लोलक कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. त्यांच्याच प्लास्टिकच्या नकला एके काळी पर्यटकांना स्वस्तात वाटल्या गेल्या. माओरी परंपरेत डोके हे सर्वांत पवित्र अंग आहे आणि अन्नपाण्याचा स्पर्श त्यापासून दूर ठेवला जातो. अशा लोकांनी टिकी उपाहारगृहांतला, पूर्वजाच्या डोक्याच्या आकाराचा मद्याचा पेला पाहिला तर त्यांना काय वाटत असेल याचा विचार आपण करायला हवा. आपल्याकडे कुलदैवताच्या टाकाची प्रतिकृती कुणी दारूच्या दुकानात शोभेला ठेवली तर आपण गप्प बसणार नाही. या देशात हा प्रश्न केवळ भावनेचा राहिलेला नाही. माओरी ज्ञान आणि कलाकृतींवरील हक्कांचा दावा १९९१ मध्ये माओरींचे दावे ऐकणाऱ्या वाइटांगी न्यायाधिकरणापुढे दाखल झाला आणि त्यावरील सविस्तर अहवाल २०११ मध्ये आला.

किनारा, आपण मिश्र घराण्याची गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली आहे. पण ते ठाऊक असल्याने कोरणाऱ्याच्या हातात नेमका काय फरक पडतो, हे आपण सांगावे, अशी विनंती आहे.

किनारा (सॅन दिएगो)

दीर्घिका ताई, आपला प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून हा छंद करू नये, असे माझेही मत आहे.

काही वर्षांपूर्वी हवाई बेटावरील पुउहोनुआ ओ होनाउनाउ येथे जाण्याचा योग आला. किनाऱ्यावरच्या काळ्या खडकांवर तेथील मंदिराची पुन्हा उभारलेली वास्तू आहे आणि तिच्याभोवती समुद्राकडे तोंड करून कीइ उभे आहेत. लोक तेथे आजही नैवेद्य ठेवतात. आमच्या परसातील पुतळ्यांशी त्यांचे साम्य आहे, पण ते पुतळे पाहिल्यावर मला त्यांची नक्कल घरी करावीशी वाटली नाही. १८१९ मध्ये राजा पहिला कामेहामेहा याच्या मृत्यूनंतर हवाईतील जुनी धर्मव्यवस्था मोडली गेली आणि बहुतेक मूर्ती जाळल्या किंवा नष्ट केल्या गेल्या. कू या देवतेच्या पुरुषभर उंचीहून मोठ्या मंदिरमूर्तींपैकी आज तीनच उरल्या आहेत. एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, एक मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे आणि एक होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आहे. २०१० मध्ये या तिन्ही काही महिन्यांसाठी होनोलुलूत एकत्र आल्या होत्या. कोकणातील वाचकांसाठी सांगतो की, त्या नीरफणसाच्या लाकडाच्या आहेत. तेच झाड आपल्याकडे परसात असते आणि त्याच्या कापा आपण तळून खातो.

आता नेमका फरक काय पडतो ते लिहितो. ज्या मूर्तीला नाव आहे ती मी कोरत नाही. कूची मूर्ती, माओरी पूर्वज, हेइ-टिकी, तसेच पॅसिफिकमधील रुरुतु बेटावरील आआ हा देव, ज्याच्या अंगावर तीस लहान आकृती आहेत आणि जो त्या बेटावरील लोकांनी १८२१ मध्ये मिशनऱ्यांच्या स्वाधीन केला, या सर्वांचा मी केवळ अभ्यास करतो. आआच्या अंगावरील चिमुकल्या आकृतींनीच त्याचे डोळे, नाक आणि तोंड कसे घडले आहे, हे पाहताना रचनेविषयी जे शिकायला मिळते ते कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही. पण शिकणे वेगळे आणि उचलणे वेगळे. माओरी नागमोडी वळणे मी पूर्णपणे सोडून दिली आहेत. भुवईची खोली, गुडघ्यातला ताण, पोटावरचे हात आणि डोके मोठे ठेवण्याची रीत एवढेच मी घेतो. त्यावरची नक्षी मी माझ्या परिसरातून, म्हणजे समुद्रशैवाल, पामच्या झावळ्या आणि पक्ष्यांची पिसे यांतून काढतो. पेले करत नाही. पुतळा कुणाला दिला तर तो अमेरिकी घराण्यातला आहे, कोणत्याही बेटावरची मूर्ती नाही, हे पाठीवर तारखेसह कोरतो.

आपण ढलप्यांविषयी जे लिहिले ते मी आजवर पाळत नव्हतो, कारण मला ते माहीत नव्हते. आता त्या झाडांच्या बुंध्याशी पसरीन.

दीर्घिका (रोटोरुआ, न्यूझीलंड)

उत्तर आवडले, विशेषतः नाव असलेली मूर्ती न कोरण्याचा नियम. एक सुचवते. पॉलिनेशियन समाजातील कारागीर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही आहेत आणि त्यांच्यापैकी काही जण शिकवतात. त्यांच्याकडे रीतसर शिकण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. काय घ्यावे आणि काय घेऊ नये हे त्यांच्या तोंडून ऐकलेले अधिक भरवशाचे असते.

अनघा_पु (ठाणे)

माझ्या बारा वर्षांच्या मुलाला हा धागा वाचून दाखवला आणि तो फारच उत्सुक झाला आहे. आमचे घर चौथ्या मजल्यावर आहे, गच्ची नाही. त्याला पटाशी देण्याची मला भीती वाटते. सुरुवात कशी करावी?

माडाची सावली (वेंगुर्ले)

अनघा ताई, सुरुवात साबणावर करावी. अंगाच्या साबणाची मोठी वडी, भाजी कापायची बोथट सुरी आणि जुना चमचा एवढे पुरे. किनारा यांनी सांगितलेला भुवईचा काप साबणातही हुबेहूब तसाच करता येतो. आधी सरळ काप, मग गालाकडून वर खरवडत यायचे. पाच पातळ्या वेगळ्या झाल्या की नाही हे त्याला टॉर्च बाजूने धरून बघायला सांगावे. चुका झाल्या तरी साबण वापरात येतो.

त्यानंतर पांगाऱ्याचा चार इंची ठोकळा आणि लहान पात्याची कोरण्याची सुरी द्यावी. ठोकळा हातात धरून न कोरता तो टेबलाला पकडीने घट्ट बसवावा, म्हणजे दोन्ही हात पात्याच्या मागे राहतात. मुलांच्या जखमा बहुतेक वेळा ठोकळा धरलेल्या डाव्या हाताला होतात. त्या हातात न कापला जाणारा मोजा घालावा. सुरी धारदार असावी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती सटकते. मोठ्या माणसाने शेजारी बसावे. मोगरीचे ठोके खालच्या घरात ऐकू जातात, पण सुरीकामाला आवाज होत नाही, त्यामुळे सदनिकेत हे काम निर्वेधपणे करता येईल.

रानवाटा (नाशिक)

शिसवी, आपल्या उत्तरामुळे तडकलेल्या मुखवट्याचे कोडे सुटले. शिवणीचा ओंडका अर्धा चिरून घेतला आहे आणि टोकांना मेण लावून ठेवला आहे. शेवटचा प्रश्न असा की, पुतळा अंगणात ठेवायचा असेल तर वरून काय लावावे? येथे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस थांबत नाही.

शिसवी (पुणे)

अंगणासाठी दोन मार्ग आहेत. जवसाच्या उकळलेल्या तेलाचे पातळ थर दिले तर लाकडाचा रंग खुलतो आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी एक हात मारून ते ताजे करता येते, पण बुरशीला ते पूर्ण अडवत नाही. जहाजांसाठी वापरतात तो लवचीक व्हार्निश जास्त पाणी अडवतो, पण तो कुठे तडकला की पाणी आत शिरून अडकते आणि मग सगळा थर खरवडून काढावा लागतो. मी तेलाच्या बाजूचा आहे, कारण त्याची दुरुस्ती सोपी आहे. कोणताही लेप पूर्ण वाळलेल्या लाकडावरच द्यावा.

लेपापेक्षा जागा महत्त्वाची आहे. पुतळा मातीत रोवू नये. तळाशी दगड किंवा विटा घालून तो जमिनीपासून तीन-चार इंच उचलावा, म्हणजे टोकातून पाणी शोषले जात नाही आणि वाळवी चढताना दिसते. डोक्यावर पाणी साचेल असा खळगा ठेवू नये. तोंडाच्या पोकळीचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता कोरावा, नाहीतर पहिल्या पावसात तेथे डबके होते आणि खालचा ओठ कुजतो. छपराच्या वळचणीखाली जागा असेल तर सर्वांत उत्तम.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्यांचा बोळा बाहेरून ठिणगी न लागताही पेट घेऊ शकतो. त्या दोरीवर एकेक पसरून पूर्ण वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात आणि नंतरच टाकाव्यात.